बिल्डरचा जावई कुठे गेला?

२००४ साली ‘द डे आफ्टर टुमारो’ लागला, तेव्हा आम्ही चार मित्र ऑफिसला दांडी मारून बघायला गेलो होतो. न्यूयॉर्कमध्ये समुद्र शिरतो, टॉवरांच्या मधल्या रस्त्यावरून लाट धावत येते, पिवळ्या टॅक्स्या काडेपेट्यांसारख्या उलटत जातात आणि माणसं सार्वजनिक वाचनालयाच्या पायऱ्यांकडे जीव घेऊन पळतात. थिएटरात शिट्ट्या पडल्या. त्यातली एक माझी.

पुढच्याच वर्षी २६ जुलैला संध्याकाळी मी कुर्ल्याला कमानीपाशी छातीभर पाण्यात उभा होतो. सांताक्रूझला त्या चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली आणि कुलाब्याला ७३. शहर एकच. लाट वगैरे काही आली नाही. पाणी आलं ते खालून, गटारातून, आवाज न करता, चहाच्या रंगाचं. “डिव्हायडर सोडू नका” असं एक अनोळखी माणूस घसा फोडून सांगत होता, कारण कडेच्या मॅनहोलवर झाकण आहे की नाही हे कुणालाच दिसत नव्हतं. माझ्या मागच्या बाईंनी माझा शर्ट मुठीत धरला होता, तो विक्रोळी येईपर्यंत सोडला नाही. त्यांचा चेहरा मी नीट बघितलासुद्धा नाही. त्या दिवशी दारं लॉक होऊन गाड्यांमध्येच माणसं गेली. पुढे कित्येकांनी गाडीत हातोडी ठेवायला सुरुवात केली. माझ्या मेव्हण्याच्या गाडीत ती अजून आहे, गंज चढलेली.

यानंतर मला प्रलयाच्या पिक्चरांचा वीट यायला हवा होता. झालं भलतंच. मी ते जास्त मन लावून बघायला लागलो, आणि लाटेपेक्षा लाटेच्या आधीचा अर्धा तास मला आवडायला लागला.

त्या अर्ध्या तासात काय असतं? एक शास्त्रज्ञ किंवा इंजिनिअर असतो. त्याच्या हातात आकडे असतात. तो मीटिंगमध्ये काहीतरी सांगतो आणि सूट घातलेला एक माणूस म्हणतो, याला खर्च किती येईल माहीत आहे का? ‘द डे आफ्टर टुमारो’मध्ये हे काम अमेरिकेचा उपराष्ट्राध्यक्षच करतो. बाकीचा पिक्चर म्हणजे त्या मीटिंगची वसुली. या सिनेमांवर नेहमीचा आरोप असतो, की डोकं घरी ठेवून बघावे लागतात. मला वाटतं, आपण मुंबईकर खरोखरच डोकं घरी ठेवून जातो आणि म्हणून फक्त लाट बघून येतो. सामान्य प्रेक्षकासाठी बनलेला असा दुसरा कुठला सिनेमा आहे, ज्यात हिरो ड्रेनेजची क्षमता किंवा वायरची जाडी यावरून भांडतो?

या जातीतला माझा सगळ्यांत लाडका पिक्चर १९७४ चा ‘द टॉवरिंग इन्फर्नो’. त्याच्या जन्माची गोष्टही मजेशीर आहे. जळत्या टॉवरवरच्या दोन वेगवेगळ्या कादंबऱ्यांचे हक्क दोन वेगवेगळ्या स्टुडिओंनी घेऊन ठेवले होते. एकमेकांचा धंदा बुडवण्यापेक्षा त्यांनी दोन्ही गोष्टी एकत्र करून एकच पिक्चर काढला. सॅन फ्रान्सिस्कोत १३८ मजली काचेचा टॉवर उभा राहिलाय, उद्घाटनाची पार्टी वरच्या मजल्यावर रंगात आलीये आणि खाली एका खोलीत वायर तापून ठिणगी पडते. का पडते? आर्किटेक्टने कागदावर जी वायर मागितली होती ती बसवलेलीच नाही. वायरिंगचं काम बिल्डरच्या जावयाकडे, आणि बिल्डरने खर्च कमी करायला सांगितलेला. बस. एवढंच कारण. राक्षस नाही, परग्रहावरचा माणूस नाही, देवाचा कोप नाही. शेवटी काजळलेल्या पायऱ्यांवर बसून फायर ब्रिगेडचा प्रमुख आर्किटेक्टला जे ऐकवतो त्याचा मतलब असा, की या इमारती कशा बांधायच्या हे कुणी आम्हाला विचारायला येईपर्यंत आम्ही मुडदे बाहेर काढत राहू.

हा पिक्चर लोअर परळला घडला असता तर भाषांतरकारालाही फारसं काम उरलं नसतं. तिथला एक निवासी टॉवर २८० मीटर उंच आहे. मुंबई अग्निशमन दलाची सर्वांत उंच शिडी ९० मीटरपर्यंत जाते. उरलेल्या १९० मीटरमध्ये काय करायचं याची उत्तरं नियमात आहेत: स्प्रिंकलर, फायर लिफ्ट, रेफ्यूज एरिया. ती उत्तरं इमारतीत प्रत्यक्षात चालू आहेत की नाहीत, हाच तो जावयाचा प्रश्न.

आता आपल्याकडचे गेल्या काही वर्षांतले प्रसंग बघा आणि त्यांच्याआधीचा अर्धा तास शोधा. २९ डिसेंबर २०१७ ला मध्यरात्र उलटल्यावर कमला मिल्सच्या आवारात गच्चीवरच्या हॉटेलाला आग लागली, १४ जण गेले. १४ मार्च २०१९ ला सीएसएमटीचा पादचारी पूल संध्याकाळच्या गर्दीत कोसळला, सात जण गेले. त्या पुलाचं स्ट्रक्चरल ऑडिट झालेलं होतं आणि त्यात तो वापरायला योग्य ठरला होता. १३ मे २०२४ ला घाटकोपरला वादळात पेट्रोल पंपावर होर्डिंग पडलं, १७ जण गेले. महापालिकेची मर्यादा ४० बाय ४० फूट आणि ते होर्डिंग होतं १२० बाय १२०. म्हणजे क्षेत्रफळ नऊपट. हे पटकथाकाराने लिहिलं असतं तर निर्माता म्हणाला असता, थोडं कमी करा, लोकांना पटणार नाही.

आणि २६ जुलैचा स्वतःचा अर्धा तास तर बारा वर्षांचा आहे. मुंबईच्या पावसाळी गटारांचा अभ्यास करून ‘ब्रिमस्टोवॅड’ नावाचा अहवाल १९९३ मध्ये तयार झाला होता. जुनी व्यवस्था तासाला २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेण्याइतकी होती, तीही ओहोटी असेल तर. अहवालाने ती तासाला ५० वर न्यायला सांगितलं, पंपिंग स्टेशनं बांधायला सांगितली. तो अहवाल २००५ मध्ये खऱ्या अर्थाने कपाटातून बाहेर आला. ९४४ मिलिमीटर पावसाला कुठलंच गटार पुरलं नसतं, हे मान्य. पण आकडे हातात घेऊन उभा असलेला तो शास्त्रज्ञ आपल्या गोष्टीतही होता, एवढं तरी आपल्याला माहीत असायला हवं की नको? विचारून बघा. २६ जुलै म्हटलं की लोक काय सांगतात? कुणी बिस्किटाचे पुडे वाटले, कुणी अनोळखी लोकांना रात्रभर घरात घेतलं, कोण किती किलोमीटर चालत आलं. मीही वर तेच सांगितलं. ‘मुंबई स्पिरिट’. त्या शर्ट धरलेल्या बाई मला प्रिय आहेत, पण त्यांच्या गोष्टीत १९९३ कुठेच येत नाही. स्पिरिटची गोष्ट ही पाणी चढल्यानंतरची गोष्ट आहे. ती कधीही आदल्या दिवसापासून सुरू होत नाही.

आपल्या सिनेमाने तरी ती सुरू करावी? १९८० चा ‘द बर्निंग ट्रेन’ आठवा. दिल्लीहून मुंबईला निघालेली सुपर एक्स्प्रेस, ब्रेक गायब, डब्यांना आग. लहानपणी टीव्हीवर बघताना मी सोफ्याची कड दाताने कुरतडली होती. मसाला झकास. पण गाडीला आग का लागते? तर एका इंजिनिअरला ते काम मिळालं नाही, प्रेयसीही मिळाली नाही, म्हणून तो जळफळून बॉम्ब ठेवतो. हॉलिवूडच्या गोष्टीत निकृष्ट वायर, आपल्या गोष्टीत खलनायक. खलनायक मेला की सगळं ठीक. निकृष्ट वायर मात्र पुढच्या इमारतीतही असू शकते, म्हणून त्या पिक्चरचा शेवट होऊनही शेवट होत नाही. आणि २६ जुलै हिंदी पडद्यावर आला तेव्हा तो एका प्रेमकथेच्या मागचा देखावा होऊन आला. मल्याळम सिनेमाने केरळच्या पुरावर ‘२०१८’ काढला, तो देशातर्फे ऑस्करला गेला. मुंबईकडे स्टुडिओ आहेत, पैसा आहे, पाणीही दरवर्षी ताजं येतं.

जपान या बाबतीत आपला गुरू व्हावा. १९५४ चा ‘गॉडझिला’ अणुबॉम्बच्या भीतीतून जन्मला, हे सगळ्यांना माहीत असतं. मला त्याहून थोर वाटतो २०१६ चा ‘शिन गॉडझिला’. टोकियोत राक्षस शिरलाय आणि पडद्यावर काय? मीटिंग. मग वेगळ्या खोलीत मीटिंग. मग पुढच्या मीटिंगसाठी खुर्च्या आणि झेरॉक्स मशीन लावणारे कारकून. हे कुठल्या खात्याच्या अखत्यारीत येतं यावर खल चालू असताना राक्षस दोन वॉर्ड तुडवून पुढे गेलेला असतो. २०११ चा भूकंप, त्सुनामी आणि फुकुशिमा यांच्यानंतर सरकारी यंत्रणा कशी चाचपडली, याची ही मांडणी आहे, आणि तिथल्या लोकांनी ती रांगा लावून पाहिली. आपल्याकडे मंत्रालय, महापालिका, रेल्वे, एमएमआरडीए आणि म्हाडा यांच्यात राक्षस नेमका कुणाचा, यावर अख्खी ट्रायलॉजी निघेल.

गेमकडे वळतो, कारण तिथे माझा उत्साह अजून कमी झालेला नाही आणि घरच्यांना त्याची लाज वाटते. विक्रोळी स्टेशनजवळच्या पार्लरमध्ये एक रुपयाच्या टोकनवर ‘काँट्रा’ खेळून मी या वाटेला लागलो. पुढे सायबर कॅफेत ‘व्हाइस सिटी’. हल्ली भाचा येतो तेव्हा कंट्रोलर त्याच्या हातात असतो आणि सल्ले माझ्या तोंडात. मध्यंतरी त्याला २००९ चा ‘अनचार्टेड २’ लावून दिला. पहिल्याच क्षणाला हिरो हिमालयात, कड्यावरून लोंबकळणाऱ्या रेल्वेच्या डब्यात शुद्धीवर येतो. डबा उभा झालाय, त्यामुळे सीटा म्हणजे शिडीच्या पायऱ्या. हात घातला की दांडी निसटते, सामान अंगावरून खाली दरीत जातं. कथा समजावणारा एक शब्द नाही. चढ किंवा पड.

भाचा तीनदा पडला. चौथ्यांदा म्हणाला, “मामा, तू गप्प बस, मला कळलंय. डावीकडची दांडी पकडायचीच नाही.”

गेमची मला आवडणारी गोष्ट त्या वाक्यात आहे. सिनेमात लाट येते आणि आपण बघतो. गेममध्ये आपण मरतो, त्याच जागी परत उभे राहतो आणि का मेलो ते शोधतो. ‘काँट्रा’त तीन जीव असायचे. तिसरा जाईपर्यंत गोळी कुठून येते हे तोंडपाठ झालेलं असायचं. मारधाडीच्या गेमने मुलं बिघडतात म्हणणाऱ्यांना पडद्यावर फक्त बंदूक दिसते. त्या बंदुकीच्या मागे चाललेली ही चुका मोजण्याची शिस्त त्यांनी कधी तासभर शेजारी बसून पाहिलेली नसते. या शिस्तीने मिलन सबवे, गांधी मार्केट किंवा हिंदमाता या मुंबईतल्या हमखास पाणी तुंबणाऱ्या जागा खेळल्या असत्या तर? हिंदमाता ही आमच्या पिढीची न सुटलेली लेव्हल. अखेर दादर-परळच्या मैदानांखाली पाणी साठवायच्या टाक्या बांधल्या आणि तिथलं पाणी पूर्वीपेक्षा लवकर ओसरायला लागलं. म्हणजे गोळी कुठून येते हे कळलं. फक्त त्याला किती जीव खर्ची पडले, ते मोजायची पद्धत आपल्याकडे नाही.

इथेही जपानी लोक पुढे. २००२ साली तिथे प्लेस्टेशनवर एक गेम आला, ‘झेत्ताई झेत्सुमेई तोशी’. कृत्रिम बेटावर शहर वसवलंय आणि भूकंपाने ते खचत चाललंय. हातात तोफ नाही. नळ सापडला तर पाणी पिऊन घ्यायचं, धक्का आला की खाली बसून जमीन धरायची, आणि तग धरून राहता राहता हे बेट का खचलं ते हळूहळू उलगडतं. चौथा भाग २०११ मध्ये यायच्या बेतात होता. ११ मार्चचा भूकंप झाला आणि तो रद्द केला. २०१८ मध्ये तो अखेर निघाला. थांबले, पण सोडून दिलं नाही. मला हा क्रम फार सभ्य वाटतो.

कारण खरा आक्षेप इथेच आहे आणि तो वजनदार आहे: माणसं मेली त्यावर खेळ आणि तमाशा करायचा? आमच्या जुन्या चाळीतल्या एका काकूंचा मुलगा २६ जुलैला परत आला नाही. टीव्हीवर पुराचा पिक्चर लागला की त्या उठून आत जात. त्यांना कुणी कलेचा सिद्धांत ऐकवू नये, मीही ऐकवणार नाही. पण त्यांच्या मुलाबद्दल वर्षातून एकदा वर्तमानपत्रात ‘त्या काळरात्रीच्या आठवणी’ छापून येतात, त्याही तशा तमाशाच असतात, फक्त हळू आवाजातल्या. तेवढ्याने १९९३ चा अहवाल कुणाच्या लक्षात राहिला नाही.

या पिक्चरांचे दोष मला दिसत नाहीत असं नाही. ‘२०१२’मध्ये न्यूट्रिनो पृथ्वीचा गाभा तापवतात, अकरावीतल्या मुलालाही हसू येईल. त्यातला मला खरा झोंबलेला भाग वेगळाच. जगबुडीचा शोध लागतो भारतातल्या खाणीत, तो लावतो एक भारतीय शास्त्रज्ञ. बोटीवरची जागा माणशी एक अब्ज युरोला विकली जाते. आणि त्या शास्त्रज्ञाला न्यायला विमान येतच नाही. तो बायकामुलासकट लाटेखाली जातो. थिएटरात तेव्हा कुणी हळहळलंही नाही, आम्ही हिरोच्या लिमोझिनचीच काळजी करत होतो. गेमचं म्हणाल तर मोबाइलवरच्या खेळांमध्ये पोरांच्या खिशात हात घालायची जी कला विकसित झाली आहे ती बंदुकीपेक्षा जास्त घातक आहे. पालकांनी चिडायचं तर तिथे चिडावं.

आपण आपली गोष्ट सांगितली नाही, की दुसरे ती त्यांच्या सोयीने सांगतात. ‘हिटमॅन २’ या २०१८ च्या गेममध्ये एक लेव्हल मुंबईत आहे. बांधली डेन्मार्कच्या स्टुडिओने. अर्धवट उभा टॉवर, त्यात सिनेमाचं शूटिंग, झोपडपट्टीच्या बोळी, रेल्वे. त्यात टकलू मारेकऱ्याला न्हाव्याचा, शिंप्याचा, धोब्यांच्या मुकादमाचा वेश घेऊन फिरता येतं. म्हणजे बाराबलुतेदारांपैकी निम्मे तरी डेन्मार्कला ठाऊक आहेत! मी ती लेव्हल चवीने खेळलो, त्या बोळींमध्ये उगाच भटकलो. नुसती वाळत घातलेली कापडं बघत. पण त्या मुंबईत पाऊस पडत नाही.

विरोधाभास असा, की जग बुडवायचं काम आपल्या शहरात रोज चालतं. ज्या डीएनईजी कंपनीने ‘इंटरस्टेलर’ आणि ‘टेनेट’च्या व्हिज्युअल इफेक्ट्ससाठी ऑस्कर मिळवले, तिचा संसार २०१४ पासून मुंबईच्या प्राइम फोकसशी जोडलेला आहे. गोरेगाव-मालाड पट्ट्यात असल्या कामाचे मजलेच्या मजले आहेत. आमच्या इमारतीतली एक मुलगी अशाच एका ठिकाणी ‘रोटो’ करते. म्हणजे पळणाऱ्या माणसाची कड, केसांसकट, फ्रेममागून फ्रेम कोरून काढायची, म्हणजे मागे लाट बसवता येते. सेकंदाला २४ फ्रेम, पाच सेकंदांच्या शॉटला १२०. पिक्चरचं नाव सांगायची तिला परवानगी नाही. गेल्या पावसाळ्यात एकदा ती रात्री साडेअकराला लिफ्टपाशी भेटली, गुडघ्यापर्यंत भिजलेली. सायनला रुळांवर पाणी, गाडी दीड तास उभी. “आज काय बुडवलंस?” मी विचारलं. “काका, एक पूल,” ती म्हणाली, “पण क्लायंटला पाणी खोटं वाटतंय. परत करायचंय.”

तिला खरं पाणी माहीत आहे, हे त्या क्लायंटला कोण सांगणार? त्याहून मोठा प्रश्न, ते पाणी दाखवायला तिला इथे कुणी बोलवणार का?

राहता राहिली माझी स्वतःची गोष्ट. आमची वसाहत पुनर्विकासात गेली आणि आम्ही बावीस मजली इमारतीत आलो. आठव्या मजल्यावर रेफ्यूज एरिया आहे, आग लागली तर माणसांनी जमून थांबायची जागा. दोन महिन्यांपूर्वी ‘द टॉवरिंग इन्फर्नो’ चौथ्यांदा बघितला आणि दुसऱ्या दिवशी जिन्याने खाली उतरून तिथे डोकावलो. दोन लोखंडी कपाटं, एक कॅरम बोर्ड, गणपतीच्या मखराचे थर्माकोलचे तुकडे आणि कुणाच्या तरी नातवाची सायकल. होज रीलच्या पेटीला कुलूप. किल्ली वॉचमनकडे, वॉचमन जेवायला गेलेला. मी सोसायटीला रीतसर अर्ज लिहिला, मुद्दे घालून, फोटो जोडून. सेक्रेटरींनी तो उभ्याउभ्या वाचला, चष्मा कपाळावर सारला आणि फार प्रेमाने म्हणाले, “अहो, पिक्चर जरा कमी बघत चला.”

पोच मात्र मी घेतली. शिक्का आहे, सही आहे, तारीख आहे. घरच्या कपाटात वरच्या कप्प्यात ठेवली आहे. कॅरम बोर्ड अजून आठव्या मजल्यावरच आहे.